ऑइलचा रविवार

बोल्ट ठमीच्या बोटांतून निसटला आणि डुबुक करून ऑइलच्या ट्रेमध्ये गेला.

"मेला!" ती गाडीखालून ओरडली.

"कोण?" बाहेरून आवाज आला.

ठमीनं मान वळवली. गाडीखाली पाठीवर पडलेल्या माणसाला जग फार थोडं दिसतं. तिला दिसले फक्त दोन बूट. तपकिरी, आणि इतके चकचकीत की त्या कळकट पार्किंगमध्ये ते चुकून आलेत हे कुणीही सांगितलं असतं.

"कोणी नाही मेलं. बोल्ट पडलाय."

"मग उचला की."

"ऑइल गरम आहे. तुम्ही उचलता?"

बूट पाऊलभर मागे सरले. मग गुडघे टेकले, मग एक हात टेकला, आणि मग एक चष्मा खाली आला... चष्म्यामागे दोन हसरे डोळे. त्यांनी आधी ट्रेकडे पाहिलं, मग ठमीकडे. ठमीच्या कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर आणि एका कानाच्या पाळीवर ऑइल होतं. डोळे कानाच्या पाळीवर जरा जास्तच रेंगाळले.

"माझ्याकडे लोहचुंबक आहे," तो म्हणाला. "दुकानात. आमचे बारीक स्क्रू पडतात ना, ते उचलायला. आणतो. तोवर कुठं जाऊ नका हं."

"गाडीखालून कुठं जाणार मी?"

"तेही खरंच."

इमारतीच्या पुढच्या बाजूला चष्म्यांचं नवं दुकान उघडलं होतं, तोच हा चष्मेवाला. दुकानामागच्या खोलीत राहायला येऊन त्याला आठवडाही झाला नसेल. तो पळत गेला, पळत आला. चुंबक पेनाएवढं. चष्म्याचा स्क्रू उचलणारं ते बापडं, त्याला गाडीचा बोल्ट कसा झेपणार? अर्ध्यावर आला की बोल्ट पुन्हा डुबुक! दुसऱ्यांदा पडला तेव्हा चष्मेवाल्याच्या पांढऱ्या शर्टावर काळी नक्षी उमटली. शेवटी ठमीनं खालून पान्ह्याचा टेकू दिला आणि बोल्ट बाहेर आला. त्यानं तो रुमालानं पुसला, दोन बोटांत धरून तिच्यापुढे केला आणि म्हणाला, "घ्या. जिवंत आहे."

ठमीला हसू आलं. पण अनोळखी माणसापुढे, तेही आडवं पडून कसं हसायचं, म्हणून तिनं ते गिळलं.

"कोण आहे गं?" गाडीच्या पलीकडून खोल, दमलेला आवाज आला. प्लॅस्टिकच्या खुर्चीत ठमीचे बाबा बसले होते.

"चष्मेवाले आहेत, बाबा."

"त्यांना म्हणावं, कपडे खराब होतील."

"झाले," चष्मेवाला म्हणाला.

आता ही गाडी म्हणजे काय चीज होती ते सांगायला हवं. एसयूव्ही खरी, पण म्हातारी. उंच, चौकोनी, रंग उडालेली, वळताना कुरकुरणारी. बाबा आयुष्यभर फेरीबोटीच्या इंजिनावर होते. नदीच्या या काठाची माणसं त्या काठाला पोचवण्यात त्यांची हयात गेली. जो आपल्या हातानं इंजिनाला ऑइल पाजत नाही, तो माणूस त्यांच्या लेखी माणूसच नव्हे. निवृत्त झाल्यावर ही गाडी घेतली, आणि ठमीची आई गेल्यावर तर तिच्यातच जीव रमवला. मग बाबांच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले.

डायलिसिसचं मशीन डोंगरापलीकडच्या शहरात. एक दिवसाआड जायचं, रक्त शुद्ध करून घ्यायचं, परत यायचं. बसच्या पायऱ्या बाबांना चढवत नव्हत्या. लहान गाडीत गुडघे पोटाशी आले की श्वास कोंडायचा. या उंच गाडीत मात्र ते ताठ बसत. म्हणजे बघा, गाडी चालली तर बाबा जगणार, इतकी साधी गोष्ट होती. आणि ठमीला बाबांशिवाय दुसरं कुणी नव्हतं. ती घरीच पडदे शिवायची, हॉटेलांचे, दवाखान्यांचे. एकदा एका गॅरेजवाल्यानं बोल्ट ढिला ठेवून गाडी परत दिली, तेव्हा बाबा म्हणाले, "ठमे, आता तूच शीक." ती शिकली.

शिकवायची पद्धत बोटीवरची. बाबांनी खुर्चीतून एकेक शब्द टाकायचा आणि गाडीखालून उत्तर यायचं.

"बोल्ट?"

"लागला."

"वायसर?"

"नवा."

"जुनं रबर?"

"आलं."

यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. ऑइलच्या फिल्टरच्या तोंडाशी रबराची एक गोल पट्टी असते. जुना फिल्टर काढला की त्याच्यासोबत ती यायलाच हवी. पण कधीकधी मेली इंजिनालाच चिकटून राहते. न बघता नवा फिल्टर चढवला, की रबरावर रबर बसतं. उभ्या गाडीत काही कळत नाही. चढावर इंजिनानं जोर लावला की मग सगळं ऑइल बाहेर! "तिथं बोट फिरवायचं," बाबा बजावायचे, "आणि मगच तोंड उघडायचं."

पुढच्या रविवारी चष्मेवाला जुना शर्ट घालून हजर. ऑइल बदलायचं काही महिन्यांनी असतं, पण दर रविवारी तपासणी असायचीच. ऑइल मोजायची पट्टी, कूलंट, ब्रेक ऑइल, काचेचं पाणी, टायरची हवा.

"शिकायला आलोय," तो म्हणाला.

"तुमच्याकडे गाडी आहे?"

"नाही."

"मग शिकून काय करणार?"

"बघू ना... कुणाची तरी असेलच."

खुर्चीत बाबांना खोकला आला. तो खोकला होता की हसू, ते त्यांचं त्यांना ठाऊक. ठमीनं बॉनेट उघडलं आणि कडक बाईंसारखी सुरू झाली. "इंजिन बंद करून थांबायचं, ऑइल खाली उतरू द्यायचं. आता पट्टी काढा. पुसा. पुन्हा घाला. आता काढा. काय दिसतं?"

"दोन खुणांच्या मध्ये आहे."

"रंग?"

चष्मेवाल्यानं पट्टी उजेडात धरली. पट्टीकडे पाहिलं, मग ठमीकडे. "काळाभोर," तो म्हणाला. "तुमच्या डोळ्यांसारखा."

"डिझेलचं आठवड्यातच काळं होतं. रंगावर गेलं तर रोज बदलावं लागेल."

"छे! मी नाही बदलू देणार."

असा हा आगाऊ माणूस. ठमी दर रविवारी मनाशी ठरवायची, आज याला फार लाडावून ठेवायचं नाही. आणि दर शनिवारी संध्याकाळी केस धुवायची. गाडीखाली जायचं म्हणून कुणी केस धुतं का, तुम्हीच सांगा!

पण या सगळ्याच्या खाली दुखणं होतंच. बाबांचे पाय सुजायचे. डायलिसिसहून आले की ते दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडत. ठमी मशीनवर पडदे शिवता शिवता कान त्यांच्या श्वासाकडे ठेवून बसायची.

एके दुपारी चष्मेवाल्यानं तिला जिन्यात पकडलं. वळणावर, भिंतीकडे तोंड करून ती चहा पीत होती.

"चोरून?"

"हळू बोला!" ठमी दचकली. "बाबा ऐकतील."

"ऐकलं तर? रागावतील?"

"रागावले असते तर बरं होतं." तिनं कप पदराआड धरावा तसा ओढणीत धरला. "त्यांना दिवसाला मोजून पाणी. घसा सुकला की बर्फाचा खडा चोखतात. मी त्यांच्यासमोर कप तोंडाला लावला की ते खिडकीबाहेर बघतात. आणि ते बघणं... मला नाही बघवत."

चष्मेवाल्याला थट्टा सुचली नाही. तो खालच्या पायरीवर बसला. म्हणाला, "उद्यापासून माझाही कप घेऊन येतो. चोरी दोघांत वाटून घेऊ."

ठमी हसली, आणि हसता हसताच तिला रडू फुटलं. कित्येक महिन्यांचं साठलेलं. त्यानं खिशातून काच पुसायचं मऊ फडकं काढलं आणि तिच्यापुढे धरलं.

"घ्या. यानं ओरखडा पडत नाही."

त्यानंतर जिन्यातला चहा रोजचा झाला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. बाबांना कळलं होतं.

मग तो रविवार आला. ऑइल बदलायचा.

आदल्या दिवशी बाबा डायलिसिसच्या खोलीतून नेहमीपेक्षा लवकर बाहेर आले होते. "आज लवकर आटोपलं," म्हणाले. ठमीला बरंच वाटलं. रविवारी पायांवरची सूज जास्त दिसत होती, तरी बाबा हट्टानं खाली येऊन खुर्चीत बसले.

"आज फिल्टर मी काढणार," चष्मेवाला म्हणाला.

दोघं गाडीखाली शिरली. खांद्याला खांदा लागत होता.

"सरक ना जरा."

"कुठं सरकू? इकडे चाक आहे."

"मग राहू दे... असंच बरं आहे."

ठमीच्या गालांवर ऑइल होतं म्हणून बरं, नाहीतर लाली दिसली असती. त्यानं फिल्टर फिरवला आणि उरलंसुरलं कोमट ऑइल त्याच्या मनगटावरून थेट बाहीत शिरलं. "आई गं! काखेत गेलं!" तो असा काही वळवळला की ठमीची हसून हसून पुरेवाट झाली. तसंच हसत तिनं नव्या फिल्टरच्या रबराला बोटानं ऑइल चोपडलं आणि त्याच्या हातात दिला. त्यानं तो चढवला.

"जुनं रबर?" खुर्चीतून आवाज आला.

"आलं!" दोघं एकदमच म्हणाली.

अगदी एका दमात, एका सुरात. म्हणून दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. चेहऱ्यात वीतभर अंतर. तिला वाटलं, फिल्टर यानं काढला म्हणजे यानं पाहिलं असणार. त्याला वाटलं, गाडी हिची, ही पाहिल्याशिवाय कशी बोलेल. बोट कुणीच फिरवलं नव्हतं.

"ठमे..." तो हळूच म्हणाला.

"काय?"

"काही नाही."

"सांग ना."

"बाहेर तुझे बाबा बसलेत."

"मग?"

"मग... पान्हा दे."

नवं ऑइल भरलं. गाडी सुरू केली. खाली एक थेंब नाही. पट्टीवर माप बरोबर. बाबांनी मान डोलावली आणि ठमीला वाटलं, इतका चांगला रविवार आपल्या वाट्याला कधी आलाच नव्हता.

पुढचं सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगायला हवं.

सोमवारी सकाळी बाबांना धाप लागली होती. छातीतून घरघर येत होती. ठमीनं त्यांना कसंबसं गाडीत बसवलं आणि निघाली. डोंगराचा रस्ता सुरू झाला, चढ लागला, इंजिन जोर करू लागलं... आणि समोर ऑइलचा लाल दिवा पेटला.

"बंद कर," बाबा म्हणाले.

"बाबा, माथा आलाच. पलीकडे उतारच आहे."

"ठमे, बंद कर!"

"नाही करणार! गेलं इंजिन तर जाऊ दे!"

बाबांनी हात लांब केला आणि स्वतःच किल्ली फिरवली. स्टीअरिंग दगडासारखं जड झालं. ठमीनं दोन्ही हातांनी ओढून गाडी कडेला घेतली. दार उघडून मागे पाहिलं तर रस्त्यावर काळी, चमकणारी रेघ. वळणापर्यंत. कुठून गेलं असेल ऑइल, हे शोधायला तिला गाडीखाली वाकावंसुद्धा लागलं नाही.

अँब्युलन्स दुसऱ्या गावाला गेली होती. यायला वेळ लागेल, म्हणाले. दोन ट्रक न थांबता गेले. एक थांबला, पण त्याच्या केबिनपर्यंत बाबांना चढवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. तिनं चष्मेवाल्याला फोन लावला. "ये," एवढंच म्हणाली.

बाबांना आडवं करायची सोय नव्हती. आडवं झालं की श्वास बंद. म्हणून ठमी मागच्या सीटवर त्यांच्या पाठीला पाठ लावून बसली. त्यांचं सगळं ओझं तिच्या पाठीवर. प्रत्येक श्वास तिला कण्यातून कळत होता. आत गेला... आला... आत गेला... "बाबा, बोला काहीतरी," ती म्हणत होती. बाबा बोलत नव्हते. चष्मेवाला शेजारच्या दुकानाची सामानाची व्हॅन मागून घेऊन आला तोवर तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यानं बाबांना लहान मुलासारखं उचललं. हॉस्पिटलच्या दारात त्यांना मास्क लावून आत नेलं आणि दार बंद झालं.

दुपारनंतर तो परत आला. मधल्या वेळात डोंगरावर जाऊन, नवं ऑइल भरून गाडी घेऊन आला होता. हात कोपरापर्यंत काळे.

"दोन रबरं होती," तो म्हणाला. "एकावर एक."

ठमी बाकावरून उठली. "तू बघितलं होतंस ना?"

"मला वाटलं, तू..."

"मी? फिल्टर तुझ्या हातात होता!"

"'आलं' तूही म्हणालीस, ठमे."

खरं होतं. म्हणूनच झोंबलं. आत बापाच्या जिवाचं काय होतंय ते ठाऊक नाही, आणि हा खरं बोलतोय!

"चष्मे विकता ना तुम्ही?" ती म्हणाली. 'तुम्ही' म्हणाली. "दिवसभर लोकांना विचारता, दिसतंय का, दिसतंय का. आणि हातातलं दिसलं नाही तुम्हाला? पुन्हा आमच्याकडे वर येऊ नका."

त्यानं गाडीची किल्ली बाकावर ठेवली. "इंजिन वाचलंय," म्हणाला. "त्यांनी वेळेवर बंद केली म्हणून." आणि गेला.

बाबा वाचले. घरी आले. पण हृदय फार थकलंय, असं डॉक्टर म्हणाले. पुन्हा डायलिसिसला जायचा दिवस उजाडला. ठमीनं गाडीखाली जाऊन सगळं तपासलं, पुन्हा तपासलं, हात धुतले आणि वर आली.

"चला बाबा."

"आज नको."

"मग उद्या जाऊ. फोन करते."

"उद्याही नको, ठमे. आता नकोच."

तिनं विनवलं. चिडली. किल्ली भिंतीवर फेकून मारली. "गाडी ठीक आहे हो बाबा! शप्पत घेते, मी स्वतः बघितलंय!" ती स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिली. तिला पक्कं वाटलं की बाबांनी धसका घेतला तो आपल्यामुळे. गाडीखाली आपण हसत बसलो आणि त्या हसण्यानं बापाचा जीव घेतला. तिला स्वतःची किळस आली. चष्मेवाल्याची आली. जिन्यातल्या चहाची, धुतलेल्या केसांची, सगळ्याची.

संध्याकाळी दारावर टकटक झाली. चष्मेवाला. हातात काचांची पेटी.

"मी सांगितलं होतं ना—"

"मी बोलावलंय," आतून बाबा म्हणाले. "नंबर तपासून घ्यायचाय."

आता या अवस्थेत कुणाला नंबर तपासायचा असतो? पण बाबांपुढे बोलायची सोय नव्हती. चष्मेवाल्यानं ती जड गोल फ्रेम बाबांच्या नाकावर ठेवली. एक काच घातली, काढली, दुसरी घातली.

"हे बरं, की मघाचं?"

"दोन्ही सारखंच," बाबा म्हणाले. "ठमे, तूही बस. मला पुन्हा पुन्हा बोलायला दम नाही."

ठमी पलंगाच्या कडेला बसली. चष्मेवाला पेटी मांडीवर घेऊन स्टुलावर. बाबांनी फ्रेम नाकावर तशीच राहू दिली. डोळे फार मोठे दिसत होते.

"त्या शनिवारी लवकर आटोपलं नव्हतं," ते म्हणाले. "मीच नर्सला म्हटलं, काढा सुया. ती नको नको म्हणत होती. मी ऐकलं नाही. माझ्या छातीत पाणी भरलं ते त्यानं. कळतंय का? रबरानं नाही. रबरानं उशीर झाला. तेवढा तुम्हा दोघांचा. तेवढाच घ्या. बाकीचं माझं आहे, ते उचलू नका."

"पण का, बाबा?" ठमीनं विचारलं. "का काढायला लावल्या?"

"थकलो गं. सुई टोचायला हातावर जागा नाही राहिली. जाऊन आलो की आठवत नाही दिवस कसा जातो, आणि जरा बरं वाटेस्तोवर पुन्हा जायची वेळ. तुझ्यासाठी जात होतो. तुला सांगायचा धीर होत नव्हता, म्हणून असं चोरून..." ते थांबले. श्वास घेतला. "आणि रस्त्यावर किल्ली फिरवली ना, तेव्हा मनात आलं, इथंच संपलं तर सुटलो. तुला त्या डोंगरात एकटीला टाकून सुटायला निघालो होतो मी. त्याची फार लाज वाटते मला."

चष्मेवाल्यानं मान खाली घातली होती.

"मला विचारायचं होतंत," ठमी म्हणाली.

"हो म्हणाली असतीस?"

उत्तर ठमीलाही ठाऊक होतं. नसती म्हणाली. शंभर वेळा विचारलं असतं तरी नसती म्हणाली. तिनं पुढे होऊन बाबांच्या नाकावरची ती जड फ्रेम काढली आणि त्यांच्या कपाळाला कपाळ टेकून कितीतरी वेळ रडत राहिली. पण दुसऱ्या दिवशी 'चला' म्हणाली नाही. तिच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम तिनं केलं ते हेच.

डॉक्टरांशी बाबा आधीच बोलले होते. श्वासाचा त्रास होऊ नये म्हणून औषधं आली. बाबा जास्त जास्त झोपू लागले. चष्मेवाला दुकान बंद करून रोज वर येई. त्यांना उठवून बसवी, कूस बदलून देई, चादरी धुऊन टाकी. ठमी त्याला 'तुम्ही'च म्हणत होती. "औषध आणलंत का?" "जरा उशी धरता?" बस्स. तो 'हो' म्हणे आणि धरी. एकदाही त्यानं माफी मागितली नाही, आणि एकदाही यायचा चुकला नाही.

एका दुपारी बाबांचा श्वास बदलला. मध्ये मध्ये थांबू लागला. डॉक्टर येऊन गेले आणि जिन्यात ठमीच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात काही बोलून गेले. ती वर आली. चष्मेवाला पलंगाशी बसला होता. मशीनवर एक पडदा अर्धा शिवून पडला होता, तो तिनं उगीच घडी घालून बाजूला ठेवला.

"मला तुझ्याशी बोलायचंय," ती म्हणाली.

'तुझ्याशी' ऐकून त्यानं मान वर केली. "आत्ता? ठमे, बाबा..."

"आत्ताच. ते आहेत तोवर." तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबले. "ते गेल्यावर बोलले तर तुला वाटेल, एकटी पडली म्हणून बोलतेय. तुला नाही वाटलं तरी मला वाटेल. म्हणून आत्ता बोलते. मला तू हवास. त्या रविवारी गाडीखाली हवा होतास, तसाच आजही. मध्ये तुझा राग राग केला, तेव्हाही हवाच होतास... म्हणून तर एवढा राग आला."

त्यानं चष्मा काढला. चष्म्याशिवाय ती त्याला पहिल्यांदाच पाहत होती. फार थकलेले, लाल डोळे.

"मला भीती वाटते," तो म्हणाला.

"कसली?"

"माझ्याकडे बघितलंस की तुला तो रस्ता आठवेल. जन्मभर."

"आठवेलच की." ती जराही थांबली नाही. "तुला नाही आठवणार?"

"रोज आठवतो."

"मग झालं तर. मला तो एकटीनं आठवायचा नाहीये."

चष्मेवाल्यानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. तेवढ्यात पलंगावरून, मिटल्या डोळ्यांनी, अगदी तळातून आवाज आला.

"चष्मेवाले... हात धरा तिचा. मला आता वळून बघता येत नाही."

ठमी एकाच वेळी हसली आणि हुंदका देऊन रडली. चष्मेवाल्यानं तिचा हात धरला. घट्ट, अगदी दुखेल इतका. दुसरा हात तिनं बाबांच्या हाताखाली सरकवला. बाबांच्या भुवया जराशा हलल्या, मग चेहरा सैल झाला आणि ते पुन्हा झोपले.

दोघं तशीच बसून राहिली. खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं, कुणाचं तरी मूल पळत गेलं. श्वासांमधलं अंतर वाढत गेलं. संध्याकाळ व्हायच्या आत एक श्वास बाहेर आला, आणि पुढचा आलाच नाही. ठमी खूप मोठ्यानं रडली. चष्मेवाल्यानं तिला गप्प केलं नाही. तोही रडत होता.